गजकर्णाचें औषध आणि आमच्या बांधावरचा टाकळा

पावसाळ्याच्या चार महिन्यांत आमच्या शेतकरी बंधूंस दोन प्रकारच्या बुरशीशीं झगडावें लागतें. एक पिकांवरची व दुसरी अंगावरची. पहिलीविषयीं शेतकीच्या मासिकांतून वेळोवेळीं लिहिलें जातें, आणि करपा, भुरी, केवडा हीं नांवें वाचकांस तोंडपाठ झालेलीं आहेत. दुसरीविषयीं मात्र कोणी उघड बोलत नाहीं. ती जांघेंत, कांखेंत, करगोट्याखालीं आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांत होते, आणि मनुष्य ती लाजेनें झांकून ठेवितो. लावणीच्या चिखलांत दिवसचे दिवस उभा राहून ज्याला चिखल्या झाल्या नाहींत असा भातशेतकरी विरळा. गजकर्ण, नायटा, शिबें अशीं नांवें निरनिराळीं असलीं, तरी ह्या सर्वांचें मूळ कातडीवर वाढणारी सूक्ष्म बुरशी हेंच आहे. खरूज मात्र ह्यांतली नव्हे. ती एका बारीक किड्यापासून होते व तिचें औषधही वेगळें असतें. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें पुष्कळांचे पैसे व दिवस व्यर्थ जातात.

ह्या विषयावर आज लिहिण्याचें कारण असें कीं, ह्या रोगाच्या निमित्तानें शेतकऱ्याच्या घरांत दोन वस्तु शिरूं पाहत आहेत. गणपतीच्या किंवा शिमग्याच्या सणास लालबाग-परळचे आमचे चाकरमानी बंधु गांवीं येतात, तेव्हां त्यांच्या पिशवींत गजकर्णावरच्या मलमाची एखादी नळी हमखास असते, आणि ती घरभर फिरते. दुसरी वस्तु म्हणजे औषधी वनस्पतींच्या लागवडीचें आमिष. 'अमुक रोप लावा, एकरीं तमुक लाख मिळतील' असें सांगणारे दलाल आतां तालुक्याच्या गांवापर्यंत पोंचले आहेत. नळींतील मलमानें कातडी जाते व दलालाच्या रोपानें भांडवल जातें; म्हणून दोहोंचा विचार एकत्र करणें आम्हांस इष्ट वाटतें. शिवाय मुंबई शहराचा ह्या रोगाच्या औषधाशीं असा एक जुना संबंध आहे कीं, तो समजला म्हणजे आजच्या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो.

गेल्या शतकाच्याही मागच्या शतकांत, म्हणजे १८६० च्या सुमारास, मुंबईच्या बाजारांत 'गोवा पावडर' ह्या नांवाची एक पिंवळसर भुकटी विकली जात असे. ती लिंबाच्या रसांत किंवा शिरक्यांत कालवून गजकर्णावर लावीत, आणि तिचा गुण इतका निश्चित होता कीं, ती मोठ्या किंमतीस खपे. ही भुकटी कशाची, हें विकणारास ठाऊक नव्हतें किंवा तो सांगत नव्हता. गोव्याहून येते एवढेंच लोकांस माहीत. मुंबईचे औषधविक्रेते डी. एस. केम्प ह्यांनीं १८६४ सालीं विलायतेंतील औषधशास्त्राच्या नियतकालिकांत तिजविषयीं टिपण लिहून प्रथम लक्ष वेधलें. गिरगांवाच्या पलीकडे ज्या नाक्यास आजही केम्प्स कॉर्नर म्हणतात, तें नांव ह्याच केम्प कंपनीच्या दुकानावरून पडलेलें आहे. पुढें दहा वर्षांनीं ब्राझील देशांतील बाहिया येथील डॉक्टर दा सिल्व्हा लिमा ह्यांनीं असें दाखवून दिलें कीं, गोवा पावडर म्हणजे त्यांच्याकडील 'अरारोबा' नांवाच्या वृक्षाच्या खोडांतील भेगांत सांठणारी भुकटी होय. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती बाहियाहून निघे, गोव्याचें नांव घेई आणि मुंबईस येऊन उतरे. १८७५ सालीं विलायतेंतील रसायनज्ञ ॲटफील्ड ह्यांनीं तिचें पृथक्करण केलें, व तींत सुमारें शेंकडा ८० भाग एकच द्रव्य असल्याचें सांगितलें. त्यास त्यांनीं क्रायसोफॅनिक आम्ल मानिलें. तीन वर्षांनीं जर्मन रसायनज्ञांनीं तें द्रव्य किंचित् निराळें असल्याचें सिद्ध करून त्यास क्रायसारोबिन हें नांव दिलें. त्याच सुमारास लंडनचे डॉक्टर बाल्मनो स्क्वायर ह्यांनीं तें सोरायसिस ह्या हट्टी त्वचारोगावर वापरून यश मिळविलें.

औषध जालीम होतें. तें लावलें कीं कातडी जांभळट-तपकिरी होई, कपड्यांवर न जाणारे डाग पडत, आणि हात चुकून डोळ्यांस लागला तर डोळे सुजत. ब्राझीलच्या जंगलांत ती भुकटी खरवडून काढणारांचे डोळे व चेहरे लाल होत. तरीही युरोपांतील त्वचारोगवैद्य चाळीस वर्षें तें वापरीत राहिले. पहिल्या महायुद्धांत ब्राझीलचा पुरवठा तुटला, तेव्हां जर्मन कारखान्यानें १९१६ सालीं क्रायसारोबिनच्या घडणीवरून डिथ्रॅनॉल नांवाचें कृत्रिम द्रव्य बनविलें, आणि तें सोरायसिसवर अजूनही वापरांत आहे. अरारोबाची भुकटी मात्र बाजारांतून नाहींशी झाली.

आतां ह्या कथेंत आमच्या वाचकांचा संबंध कोठें येतो तें पाहा. आषाढ लागला कीं दादर स्टेशनाबाहेर पालघर, शहापूर, कर्जत बाजूच्या बायका रानभाज्यांच्या जुड्या घेऊन बसतात, व त्यांत टाकळ्याची जुडी असते. हाच टाकळा संस्कृत ग्रंथांत चक्रमर्द, प्रपुन्नाट, एडगज व दद्रुघ्न ह्या नांवांनीं आला आहे. दद्रु म्हणजे गजकर्ण. तेव्हां दद्रुघ्न हें नांवच त्याचा धंदा सांगतें. टाकळ्याच्या बिया आंबट ताकांत किंवा लिंबाच्या रसांत वाटून गजकर्णावर लावण्याचा प्रघात आमच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या आहे. १९७५ सालीं भारतीय संशोधकांनीं टाकळ्याच्या बियांतील बुरशीनाशक द्रव्य वेगळें काढलें, तें क्रायसोफॅनिक आम्लाचें अँथ्रोन ठरलें. शुद्ध क्रायसारोबिन म्हणून रसायनशास्त्रांत ज्यास ओळखतात तें हेंच. म्हणजे जी वस्तु मुंबईनें हजारों कोसांवरील बाहियाहून, गोव्याचें नांव लावून, मोलानें आणिली, तिचा अंश ठाण्याच्या वाटेवर दर पावसाळ्यांत फुकट उगवत होता आणि आम्ही तो तण म्हणून उपटीत होतों. भुकटींत द्रव्य शेंकडा ८० आणि बींत तें अगदीं थोडें, हा फरक अर्थातच मोठा आहे. तो सांगितल्याशिवाय ही तुलना प्रामाणिक होणार नाहीं, आणि दलाल तो कधीं सांगत नाहींत.

टाकळा एकटा नाहीं. गजकर्णी नांवाचें पांढऱ्या फुलांचें झुडूप कोंकणांत परसांतून लावितात. त्याचें फूल उडत्या बगळ्यासारखें दिसतें. त्याच्या मुळांत व पानांत ऱ्हायनाकॅन्थिन नांवाचीं द्रव्यें सांपडलीं आहेत व प्रयोगशाळेंत त्यांनीं बुरशीची वाढ रोखिली आहे. थायलंडांतही हेंच झाड ह्याच रोगावर वापरितात. दोन देशांच्या वैदूंनीं एकमेकांस न विचारतां एकच झाड निवडावें, ह्यास आम्ही बराच मोठा पुरावा समजतों. दादमर्दन हें मेणबत्तीसारख्या उभ्या पिंवळ्या तुऱ्यांचें झाड मूळचें अमेरिकेंतलें. फिलिपाइन्सच्या आरोग्य खात्यानें मान्य केलेल्या दहा औषधी वनस्पतींत तें आहे, आणि तें मान्य झालें तेंही गजकर्णासाठींच. करंजाचें तेल व कडुनिंब ह्यांची ओळख करून देण्याची गरज नाहीं.

येथें मुंबईचाच आणखी एक दाखला देतों, कारण त्यांतला धडा वेगळा आहे. डॉक्टर भाऊ दाजी लाड हे मूळचे गोव्याच्या पेडणें महालांतील मांद्रें गांवचे. मुंबईंत त्यांनीं कडू कवठाच्या बियांच्या तेलावर महारोग्यांस औषध देण्याचे प्रयोग केले आणि त्यांची मोठी ख्याति झाली. परंतु औषधाचा पुरता तपशील त्यांनीं हयातींत प्रसिद्ध केला नाहीं, व १८७४ सालीं ते वारले. आमच्या मतें ही मोठी हानि झाली. ह्याच जातीच्या तेलावर पुढें जगभर काम झालें, वडाळ्याच्या ॲकवर्थ रुग्णालयासारख्या १८९० पासूनच्या संस्था उभ्या राहिल्या, आणि १९४० नंतर सल्फोन औषधें आल्यावर त्या तेलाचें काम संपलें. केम्पनें आपल्या दुकानांतील गुप्त भुकटी चारचौघांपुढें मांडिली, म्हणून तिचें मूळ कळलें, गुण कळला आणि दोषही कळला. भाऊ दाजींसारख्या विद्वान् व परोपकारी गृहस्थाचें ज्ञान झांकलेलें राहिलें, म्हणून त्यापासून व्हावा तितका उपयोग झाला नाहीं. आमच्या गांवोगांवच्या ज्या घरांतून 'हें औषध आजीनें फक्त थोरल्या सुनेस सांगितलें' असा अभिमान बाळगितात, त्यांनीं हे दोन दाखले एकाशेजारीं एक ठेवून पाहावे.

आतां त्या नळींतील मलमाकडे वळूं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत भारतांत गजकर्णाचें रूप पालटलें आहे. पूर्वीं जें दोन-तीन आठवड्यांच्या लेपानें जात असे, तें आतां महिनोन्‌महिने राहतें, घरांतील सर्वांस लागतें, आणि गेलें असें वाटून पुन्हां उलटतें. ह्याचें एक कारण बुरशीच बदलली हें आहे. २०२० सालीं जपानांतील संशोधकांनीं भारत व नेपाळ येथील रोग्यांकडून आलेल्या बुरशीस ट्रायकोफायटन इंडोटिनी असें नवें नांव दिलें. तिच्या पुष्कळ जाती टर्बिनाफीन ह्या नेहमींच्या औषधास दाद देत नाहींत. २०२३ सालीं ती न्यूयॉर्क शहरींही सांपडली. तिच्या नांवांत आमच्या देशाचें नांव आहे, आणि ही कीर्ति कोणास नको असेल! दुसरें कारण म्हणजे दुकानांत मिळणारीं तीन-चार औषधांचीं मिश्र मलमें. त्यांत बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टिरॉइड असतें. तें लावतांच खाज थांबते, लाली उतरते, आणि रोग्यास वाटतें कीं औषध रामबाण आहे; आंतून मात्र कातडीची प्रतिकारशक्ति दबते व बुरशी मोकाट पसरते. कातडी पातळ होते, जांघेंत पांढरट चिरा पडतात आणि त्या जन्मभर जात नाहींत. २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशीं १४ स्टिरॉइडें डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकूं नयेत असा नियम केला. नियम झाला, तरी नळ्या येतच आहेत. शेतकऱ्यानें बियाणाच्या पिशवीवरील मजकूर वाचावयास शिकून घेतलें, नळीवरचाही वाचावा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन ह्यांपैकीं एखादें नांव दिसल्यास ती नळी गजकर्णावर लावूं नये, इतकें ध्यानांत ठेवणें कठीण नाहीं.

मग नळी टाकून देऊन सर्वांनीं टाकळाच वाटावा काय? आम्ही असें म्हणत नाहीं, आणि जे म्हणतात त्यांच्याशीं आमचें पटत नाहीं. एक-दोन लहान, नुकतेच उठलेले चट्टे असतील तर टाकळ्याचा लेप लावून पाहण्यास आमची हरकत नाहीं. कातडी जळजळली तर तो तत्काळ धुऊन टाकावा, आणि दोन आठवड्यांत उतार न पडल्यास डॉक्टरकडे जावें. चट्टे पुष्कळ असतील, डोक्यांत किंवा नखांत असतील, लहान मुलास किंवा मधुमेह असलेल्या माणसास झाले असतील, तर लेपावर एक दिवसही घालवूं नये. प्रयोगशाळेंतील कांचेच्या बशींत बुरशी मरणें निराळें व माणसाच्या जांघेंत मरणें निराळें. टाकळा व गजकर्णी ह्यांची पहिली परीक्षा पुष्कळदां झाली आहे, दुसरी फारच थोडी. आणि ज्या चट्ट्यास खाज नाहीं, ज्यावर टांचणी टोंचली तरी कळत नाहीं, तें गजकर्णच नव्हे. तो महारोगाचा आरंभ असूं शकतो. त्यावर कोणताही लेप न घालतां सरकारी दवाखान्यांत जावें. तेथें त्याचें औषध फुकट मिळतें व वेळींच घेतल्यास हातपाय शाबूत राहतात.

घरगुती म्हणून जें कांहीं चालतें तें सर्व निरुपद्रवी असतें असेंही नाहीं. बिब्ब्याच्या तेलानें कातडी भाजून फोड येतात. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास बुबुळास इजा होते. बावचीचें तेल लावून उन्हांत काम केल्यास अंगावर भाजल्यासारखे चट्टे उठतात, आणि शेतकऱ्याचें सारें काम तर उन्हांतच. झाडाचें आहे म्हणून सौम्य, ही समजूत ज्यानें धोतऱ्याचें झाड पाहिलें आहे त्यानें तरी बाळगूं नये. लेपापेक्षां कित्येकदां कोरडें अंग अधिक काम करितें: संध्याकाळीं पाय धुऊन बोटांच्या बेचक्या पुसणें, ओला करगोटा बदलणें, प्रत्येकाचा पंचा वेगळा ठेवणें, कपडे उन्हांत कडक वाळविणें. लालबाग-परळच्या चाळींतून एका खोलींत दहा दहा माणसें राहत, आणि सूत तुटूं नये म्हणून विणकाम खात्याची हवा मुद्दाम दमट ठेवीत, तेव्हां गिरणी कामगारांस हा रोग कां सोडीत नसे ह्याचें आश्चर्य नको. गिरण्या गेल्या, दाट वस्ती व पावसाळी दमट हवा राहिली आहे. गोठ्याकडेही पाहावें. वासरांच्या डोळ्यांभोंवतीं व मानेवर करड्या खपल्या दिसल्या, तर तें गजकर्णच असतें व तें माणसास लागतें; घरांत औषध घेऊन गोठ्यांत दुर्लक्ष करणें म्हणजे बांध एका बाजूस घालून दुसऱ्या बाजूस फोडणें होय.

राहिला लागवडीचा प्रश्न. २००० सालीं राष्ट्रीय औषधी वनस्पति मंडळ स्थापन झालें व त्यानंतरच्या कांहीं वर्षांत महाराष्ट्रांत सफेद मुसळीची लाट आली. बियाणें सोन्याच्या भावानें विकलें गेलें, कारण प्रत्येक लावणारा दुसऱ्या लावणारास बियाणेंच विकीत होता. खरा गिऱ्हाईक शोधूं लागतांच भाव कोसळला आणि पुष्कळ घरें कर्जांत बुडालीं. गजकर्णी किंवा दादमर्दन ह्यांची तीच गत होऊं नये अशी आमची इच्छा आहे. ज्याच्याकडे लेखी करार, ठरलेला भाव आणि माल उचलण्याची तारीख नाहीं, त्याच्या रोपास शेतांत जागा देऊं नये. टाकळ्याची तर गंमतच आहे. देशांतून टाकळ्याची बी जाते ती मुख्यतः औषधासाठीं नव्हे. तिच्या गरापासून निघणारा डिंक परदेशीं कुत्र्यामांजरांच्या डबाबंद अन्नांत घालतात, म्हणून तिला गिऱ्हाईक आहे. आणि शेतकऱ्याच्या ज्या पिकापासून बुरशीवरचें औषध खरोखर कारखान्यांत बनतें, तें पीक कोणत्याही दलालाच्या यादींत नसतें. तें पीक म्हणजे एरंड. एरंडेल तापवून फोडलें म्हणजे अनडेसिलेनिक आम्ल मिळतें, आणि दुसऱ्या महायुद्धापासून सैनिकांच्या पायांच्या बुरशीवर तें वापरांत आलें. त्यास रानांतल्या गुपिताचें वलय नाहीं म्हणून त्याची जाहिरात होत नाहीं, इतकेंच.

आमची सूचना अगदीं साधी आहे. नवें कांहीं न लावतां, जें बांधावर आहे तेंच नीट गोळा करून सभासदांनीं संस्थेमार्फत एकत्र विकावें. एकेकट्याच्या पायलीभर बियांस व्यापारी भाव देत नाहीं. एका गांवाच्या स्वच्छ, एकजात पोत्यांस देतो. विक्रीपूर्वीं नमुना तपासून घ्यावा. परळ येथें जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत १८९९ पासून जें प्लेगच्या लशीचें काम चाललें, त्याची आजची हाफकिन संस्था आपल्या नांवांतच 'चाचणी' हा शब्द बाळगून आहे, शेजारीं के. ई. एम. रुग्णालयांत डॉक्टर शारदिनी डहाणूकर ह्यांनीं आयुर्वेदीय औषधांच्या आधुनिक परीक्षेचा पाया घातला. कोणत्या जिल्ह्याच्या, कोणत्या महिन्यांत तोडलेल्या टाकळ्यांत अँथ्रोन अधिक उतरतें, हा प्रश्न शेतकऱ्यांच्या संस्थेनेंच अशा ठिकाणीं नेला पाहिजे. व्यापारी तो नेणार नाहीं, कारण उत्तर मिळाल्यास भाव त्यास द्यावा लागेल. मलम करून डब्या विकण्याचा मोह मात्र टाळावा. १९४० च्या औषध कायद्यांत १९६४ सालीं आयुर्वेदीय औषधांचाही समावेश झाला आहे, व परवान्याशिवाय तीं विक्रीसाठीं बनविणें गुन्हा आहे.

गोळा करितांना एकाच गोष्टीची विशेष काळजी घ्यावी. टाकळ्याशेजारींच कासविंदा उगवतो, व त्याची बी विषारी आहे. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागांत दर वर्षीं लहान मुलें ज्या अनाकलनीय आजारानें दगावत, त्याचें कारण ह्या शेंगा खाणें हें होतें, असें २००७ सालीं सिद्ध झालें. टाकळ्याचीं दलें तीन जोड्या, टोंकाशीं गोल. शेंग बारीक, लांब, बांकदार. बी चकचकीत तपकिरी व तिरप्या वडीसारखी. कासविंद्याचीं दलें टोंकदार, चुरगाळल्यास घाण वास येणारीं. शेंग चपटी, कडेनें फिकी. बी चपटी व मातकट. शेंगा पिंवळ्या पडूं लागल्या कीं दिवाळीच्या सुमारास, त्या तडकण्यापूर्वीं, सकाळच्या दंवांत झाडें कापावीं, कासविंद्याचीं झाडें आधींच उपटून वेगळीं करावीं, आणि दोन्हींची मळणी एका खळ्यावर होऊं देऊं नये.